त्यांना माहीत असेलच!

गेल्या महिन्यात एक मुलगी कान धरून क्लिनिकमध्ये आली. वय पंचविशीच्या आत, एका विमान कंपनीत केबिन क्रू. सर्दी असताना ड्यूटी केली, विमान उतरताना कानात सणक गेली आणि तेव्हापासून कान बंद. (तिला विचारून लिहितोय, आणि ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.) पडदा लाल होता, आत थोडं पाणी जमलं होतं. नाकाच्या मागून मध्यकर्णात जाणारी एक बारीक नळी असते, युस्टेशियन ट्यूब. सर्दीत ती सुजून बंद होते. विमान खाली येताना केबिनमधला दाब वाढत जातो, पण बंद नळीमुळे कानाच्या आतला दाब वाढत नाही, आणि पडदा आत खेचला जातो. औषधं दिली, आठवडाभर उडायचं नाही असं सर्टिफिकेट दिलं.

सर्टिफिकेट लिहिता लिहिता सहज विचारलं, "भीती वाटते का गं कधी?"

म्हणाली, "नाही सर. पण एकदा टेक-ऑफनंतर मागच्या दारातून शिट्टीसारखा आवाज येत होता. बराच वेळ."

"मग?"

"सीनिअरना सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्ता कॉकपिटला फोन करू नको. त्यांना माहीत असेलच."

दाराच्या रबरी सीलमधून असा आवाज कधी कधी येतो, आणि बहुतेक वेळा त्यात धोका नसतो. त्या दिवशीही काही झालं नाही. पण तिच्या कानापेक्षा ते वाक्यच मला जास्त लागलं. 'त्यांना माहीत असेलच.' मी तीस वर्षं हे वाक्य वॉर्डात ऐकतोय. नर्स म्हणते, वॉर्डबॉय म्हणतो, पेशंटची बायको म्हणते. आजचा लेख सर्दी-खोकल्याचा नाही, या एका वाक्याविरुद्ध आहे. उदाहरणं बहुतेक विमानातली आहेत, कारण विमान पडलं की त्याची चौकशी होते, अहवाल छापला जातो, आणि कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही हे जगाला वाचता येतं. आमच्याकडे तसं क्वचितच होतं. तो राग वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

८ जानेवारी १९८९. लंडनच्या हीथ्रोवरून बेलफास्टला निघालेलं ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७-४००. आत १२६ माणसं. अठ्ठावीस हजार फुटांवर असताना डाव्या इंजिनातल्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरायला लागलं, जळका वास आला, धूर आला. कॅप्टनने विचारलं, कुठलं इंजिन? सहवैमानिक 'डावं' म्हणता म्हणता थांबला आणि 'उजवं' म्हणाला. उजवं, म्हणजे धडधाकट इंजिन कमी करून बंद केलं. योगायोग असा, की त्याच सुमारास डाव्या इंजिनावरचा जोर कमी झाल्याने थरथर थांबली, वासही कमी झाला. दोघांची खात्री पटली, आपण बरोबर केलं. डॉक्टरांना हा सापळा चांगला ओळखीचा आहे. चुकीचं औषध दिलं, ताप आपोआप उतरला, आणि निदान बरोबर होतं अशी आपली समजूत झाली.

आता दाराच्या पलीकडे बघा. मागच्या बाजूला बसलेल्या कित्येक प्रवाशांना डाव्या इंजिनातून ज्वाळा आणि ठिणग्या निघताना दिसत होत्या. केबिन क्रूमधल्या तिघांनाही दिसल्या. थोड्या वेळाने कॅप्टनने स्पीकरवरून सांगितलं, उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय, दहा मिनिटांत उतरतोय. ज्या कर्मचाऱ्यांनी डावीकडची आग पाहिली होती त्यांनी नंतर सांगितलं की घोषणेतला 'उजवं' हा शब्द आमच्या लक्षातच आला नाही. प्रवाशांच्या मात्र लक्षात आला. ते गोंधळले. पण एकानेही शेजारून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला थांबवून 'अहो, आग तर डावीकडे होती' असं सांगितलं नाही.

उतरताना डाव्या इंजिनाला जोर लावला आणि ते बंद पडलं. ईस्ट मिडलंड्सची धावपट्टी समोर दिसत असताना विमान केगवर्थ गावाजवळ एम-वन महामार्गाच्या बांधावर आदळलं. ४७ माणसं गेली.

हा अहवाल मी प्रथम वाचला तेव्हा सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते एका छोट्या संवादापाशी. बिघाडानंतर कॅप्टनने केबिन क्रूच्या प्रमुखाला कॉकपिटमध्ये बोलावलं आणि विचारलं, मागे धूर आला का? उत्तर मिळालं, हो, आला. बस्स. सामान आवरायला सांगितलं, तो गेला. नंतर परत येऊन प्रवासी फार घाबरलेत असं सांगून गेला. म्हणजे दोन्ही बाजू बोलल्या, दार उघडं होतं, वेळ होता, कुणी कुणावर ओरडलं नव्हतं. पण प्रश्न असा होता की त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येणार. 'तुम्हाला मागे काय काय दिसलं?' असा प्रश्न असता तर डावं-उजवं कदाचित त्यातच निघालं असतं. कदाचित. खात्रीने कोण सांगणार?

हे वाचून मला माझी एक रात्र आठवली. ती सांगतो, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगून स्वतःची लपवणं बरं नाही.

पंचवीसेक वर्षं झाली. एका छोट्या नर्सिंग होममध्ये माझे एक पेशंट होते, सत्तरीला टेकलेले आजोबा, डायबेटिस, लघवीच्या इन्फेक्शनने थंडी वाजून ताप. संध्याकाळच्या राउंडला मी घाईत होतो. दारातूनच विचारलं, "सिस्टर, ताप?" त्या म्हणाल्या, "उतरला सर." मी म्हटलं, छान, आणि पुढे गेलो. आजोबा झोपलेले दिसले. तापाने दमलेत, झोपू दे. रात्री अकरा-साडेअकराला फोन आला, पेशंट हलवून उठत नाहीये. जाऊन शुगर बघितली तर ३४. शिरेतून ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत आजोबा डोळे उघडून "चहा झाला का?" विचारायला लागले.

नंतर कळलं ते असं. दुपारचं जेवण त्यांनी परत पाठवलं होतं. इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे गेलं होतं. संध्याकाळी ते थोडं असंबद्ध बोलत होते. सिस्टरना हे सगळं ठाऊक होतं. मी तापाचं विचारलं, त्यांनी तापाचं सांगितलं. आणि आजोबा ज्यांच्यामुळे वाचले त्या मी नव्हे, सिस्टरही नव्हेत. त्या मजल्यावरच्या मावशी. चादर बदलताना त्यांना ती घामाने ओलीचिंब लागली. ताप उतरतानाही घाम येतो, पण मावशींचं म्हणणं, हा घाम गार होता. त्यांनी मला नाही सांगितलं, सिस्टरनाही नाही. बाहेर बाकड्यावर बसलेल्या मुलाला सांगितलं, "तुमच्या बाबांचं काही बरं दिसत नाही, जरा हलवून बघा." मी नंतर विचारलं, मावशी, सिस्टरना का नाही सांगितलंत? उत्तर तुम्ही ओळखलंच असेल.

मुद्दा हा की माहिती नव्हती असं नव्हे. माहिती त्या इमारतीत होती. ती ज्या माणसापर्यंत पोचायला हवी होती तिथपर्यंतचा जिना मी माझ्या घाईने आणि त्या आधीच्या कित्येक राउंडमधल्या माझ्या आवाजाने बंद करून ठेवला होता.

केगवर्थच्या दोनच महिन्यांनी, १० मार्च १९८९ ला, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ड्रायडन या छोट्या विमानतळावर एअर ऑन्टॅरिओचं फोकर एफ-२८ उडालं आणि लगेच झाडीत कोसळलं. ६९ पैकी २४ गेले. कारण पंखांवर साठलेला बर्फ. पंखांवर बर्फाचा थर असला की हवेचा प्रवाह बिघडतो आणि विमानाला उचल मिळत नाही, हे वैमानिकीच्या पहिल्या इयत्तेतलं ज्ञान आहे. बर्फ काढला का नाही? विमानातलं छोटं सहायक इंजिन बिघडलेलं, ड्रायडनला बाहेरून इंजिन सुरू करण्याची सोय नाही, म्हणजे मुख्य इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही. आणि इंजिन चालू असताना बर्फ काढायचा नाही असा कंपनीचा नियम. उशीर झालेला, प्रवासी चिडलेले. कॅप्टन एकटा दोषी नव्हता, अख्खी यंत्रणा त्याला कोपऱ्यात ढकलत होती, असंच न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या चौकशी आयोगाने पुढे सांगितलं.

पण त्या विमानात खिडकीतून पंखावरचा बर्फ दिसत होता. प्रवाशांना दिसत होता. प्रवासी म्हणून बसलेले दोन वैमानिक होते, त्यांना दिसत होता आणि त्याचा अर्थही कळत होता. केबिन क्रूमधल्या एकीला दिसत होता. तीच पुढे क्रूमधली एकटी वाचली. तिने आयोगासमोर जे सांगितलं त्याचा आशय असा होता की वैमानिकांच्या कामात शंका काढू नये हेच आमच्यावर बिंबवलेलं होतं. आणि त्या दोन वैमानिक प्रवाशांचं काय? आपल्याच व्यवसायातल्या माणसाच्या कामात कशाला बोला, हा शिष्टाचार. दवाखान्यात याला आम्ही 'एथिक्स' म्हणतो. दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटबद्दल बोलू नये. बऱ्याचदा ते एथिक्स नसतं, निव्वळ संकोच असतो, आणि त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

आता एक शरीरशास्त्र सांगतो, कारण या विषयातला सगळ्यात भयंकर भाग तिथे आहे.

विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असते तेवढी दाबून ठेवलेली असते. म्हणून आपण तिथे सँडविच खाऊ शकतो. हा दाब गेला तर तीस हजार फुटांवर माणसाला शुद्धीत राहून काही उपयोगाचं काम करता येईल असा वेळ एक ते दोन मिनिटं मिळतो, पस्तीस हजारांवर तीस ते साठ सेकंद. आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा दुखत नाही, धाप लागलीय असंही नेहमी जाणवत नाही. उलट कित्येकांना छान हलकं वाटतं. विचार मंदावतो, एकाच गोष्टीवर अडकतो, आणि सगळ्यात आधी जाते ती 'आपलं काहीतरी चुकतंय' हे ओळखायची शक्ती. दारू चढलेला माणूस 'मी एकदम ठीक आहे' म्हणतो ना, तसंच. म्हणजे हा आजार ज्याला झालाय त्याने स्वतः ओळखण्यासारखा नाही. तो शेजाऱ्यानेच ओळखावा लागतो.

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला जाणारं हेलिओसचं बोइंग ७३७. आदल्या रात्रीच्या तपासणीनंतर हवेचा दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचं बटण 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर राहिलं. विमान चढत गेलं, आतली हवा विरळ होत गेली. कॉकपिटमध्ये भोंगा वाजला, पण त्या विमानात दोन वेगवेगळ्या धोक्यांना एकच भोंगा होता, आणि वैमानिकांना वाटलं तो दुसराच इशारा आहे. कॅप्टन जमिनीवरच्या इंजिनियरशी यंत्रं थंड ठेवणाऱ्या पंख्यांबद्दल बोलत राहिला. इकडे केबिनमध्ये प्रवाशांच्या डोक्यावर पिवळे मास्क लोंबकळत होते. एका दाराच्या अलीकडे सगळ्यांना दिसत होतं की हवा गेली, आणि पलीकडे ज्यांच्या हातात विमान होतं त्यांना कळत नव्हतं, कारण त्यांचा मेंदू विझत चालला होता. विमान ऑटोपायलटवर अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिलं. ग्रीक लढाऊ विमानं जवळ गेली, त्यांना एक पायलट खुर्चीत कोसळलेला दिसला. शेवटी शेवटी केबिन क्रूमधला एक तरुण कॉकपिटमध्ये शिरलेला त्यांनी पाहिला. तोवर इंधन संपत आलं होतं. १२१ माणसं. कुणीही वाचलं नाही.

त्या पहिल्या पाच-सात मिनिटांत दार ठोठावून कुणी 'मास्क लावा' एवढे दोन शब्द सांगितले असते तर? मास्क पडल्यावर विमान आपोआप खाली न्यायला लागतील, वैमानिकांना माहीत असेलच, हे समजणं किती स्वाभाविक आहे! मीही तिथे तेच समजलो असतो.

आणि हे फार लांबचं वाटत असेल तर २० सप्टेंबर २०१८ ची मुंबई-जयपूर फ्लाइट आठवा. १६६ प्रवाशांचं जेटचं विमान. केबिनच्या दाबाचं बटण क्रूकडून चालू करायचं राहिलं आणि तीसेक प्रवाशांच्या नाकातून, कानातून रक्त आलं. मास्क पडले, विमान मुंबईला परत आलं, सगळे वाचले. त्या आठवड्यात माझ्याकडे दोन पेशंट फक्त हे विचारायला आले होते की विमानात नाकातून रक्त का येतं. उत्तर: दाब झपाट्याने कमी झाला की सायनस आणि कानातली अडकलेली हवा फुगते आणि आतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात.

या गप्प बसण्याचं मूळ मला फार मजेशीर ठिकाणी सापडलं. मजेशीर म्हणजे आमच्याच घरात. जगातली पहिली एअर होस्टेस म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती एलन चर्च ही नर्स होती. ती विमान चालवायलाही शिकलेली होती आणि १९३० साली बोइंगच्या कंपनीत पायलटची नोकरी मागायला गेली. ती मिळणं शक्यच नव्हतं. मग तिने सुचवलं, नर्स ठेवा विमानात, प्रवाशांची भीती जाईल. कंपनीला कल्पना आवडली. आठ नर्स घेतल्या. अविवाहित, वय-वजन-उंचीला मर्यादा. पुढची काही वर्षं अमेरिकेत या नोकरीसाठी नर्सिंगचं शिक्षण लागायचं. म्हणजे डॉक्टरपुढे नर्सने मान खाली घालून 'येस सर' म्हणायची जी रीत आम्ही वॉर्डात जोपासली, ती तशीच्या तशी विमानात चढली. आपल्याकडेही पहिलं गरोदरपण आलं की एअर होस्टेसची नोकरी संपली असा एअर इंडियाचा नियम होता. तो सुप्रीम कोर्टाने १९८१ साली रद्द केला. ज्या माणसाला आपण शोभेसाठी नेमलं, त्याने इंजिनबद्दल बोलावं असं आपल्याला वाटेल कसं?

आणि ही समजूत आजही आपलीच आहे, प्रवाशांची. ती मुलगी ट्रॉली घेऊन येते, आपण तिच्याकडे न बघता 'वॉटर' म्हणतो. पन्नास सीटांमागे एक केबिन क्रू असा नियम आहे, तो चहा वेळेवर मिळावा म्हणून नाही. आग लागली तर निम्मी दारं वापरून नव्वद सेकंदांत अख्खं विमान रिकामं करता यायला हवं, अशी परीक्षा दिल्याशिवाय प्रवासी विमानाला परवाना मिळत नाही. ती माणसं त्यासाठी तिथे आहेत. चहा हा जोडधंदा.

आता प्रतिवाद. माझ्या एका सर्जन मित्राला मी हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ऑपरेशन चालू असताना वॉर्डबॉयने मला सल्ला द्यायचा?" हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी वैमानिकांना अनावश्यक बोलण्याने त्रास देऊ नये यासाठी अमेरिकेत १९८१ साली नियम आला: दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त काही बोलायचं नाही. कॉकपिटमधल्या गप्पांमुळे अपघात झाले होते, म्हणून आला. चांगलाच नियम आहे. पण मागून तपासलं तेव्हा दिसलं की केबिन क्रूमधल्या पुष्कळांनी त्याचा अर्थ 'दहा हजार फुटांखाली काहीही झालं तरी फोन करायचा नाही' असा घेतला होता. कॉफी कधी आणू हे विचारू नका, असं सांगायचं होतं. ऐकणाऱ्याने ऐकलं, तोंड उघडू नका. वरून ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचं दार बुलेटप्रूफ झालं, कुलूप लागलं. सुरक्षेसाठी ते हवंच होतं. पण दार जाड झालं की फोनवरचं बोलणं तेवढंच सोपं करावं लागतं, हे दार बसवणाऱ्याच्या बिलात धरलेलं नसतं.

तर माझं उत्तर असं. वॉर्डबॉयने ऑपरेशन कसं करायचं हे सांगायचं नाहीये. त्याला जे दिसलं ते सांगायचंय. 'कॅप्टन, तुम्ही चुकीचं इंजिन बंद केलंत' असं म्हणायला इंजिनियरिंग लागतं. 'मला डावीकडे आग दिसली' म्हणायला डोळे पुरतात. अर्थ लावायची जबाबदारी ज्याची त्याच्याकडेच राहू दे. 'काही विशेष नसेल, कशाला सांगा' असं आपण म्हणतो तेव्हा आपण नम्र नसतो. निदान करण्याचं काम आपण परस्पर उरकलेलं असतं, तेही शिक्षण नसताना.

विमानवाले यातून शिकले, हे कबूल करायला हवं. १९७८ साली पोर्टलँडला युनायटेडचं विमान चाकांचा बिघाड शोधता शोधता इंधन संपून पडलं. सहकारी इंधनाबद्दल बोलत होते, पण इतकं हळू आणि आडून, की कॅप्टनपर्यंत ते पोचलंच नाही. त्यानंतर जे प्रशिक्षण सुरू झालं त्याच्या नावात आधी 'कॉकपिट' हा शब्द होता. पुढे तो बदलून 'क्रू' केला, कारण कॉकपिटच्या मागेही माणसं आहेत हे उमगलं. केगवर्थच्या अहवालात तर वैमानिक आणि केबिन क्रू यांचा संकटातला सराव एकत्र घ्या अशी शिफारसच आहे. आज बिघाड झाला की कॅप्टन केबिन प्रमुखाला ठरलेल्या क्रमाने सांगतो: काय झालंय, आता काय करणार, किती वेळ आहे, वेगळं काही करायचंय का. आणि ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. परत म्हणून दाखवायचं, हे फार मोलाचं आहे. मी फोनवर औषधाचा डोस सांगितला की आता सिस्टरना परत म्हणायला लावतो. दोनदा चूक तिथेच सापडलीय. एकदा माझीच.

याचा उपयोग होतो का? २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले, ते विसरता कामा नये. पण मोठ्या विमानात ३७९ माणसं होती, आग लागलेली, आणि वैमानिकांना सुरुवातीला आग लागल्याचं माहीतच नव्हतं. त्यांना केबिन क्रूने सांगितलं. मग आतली फोन-यंत्रणा बंद पडली, तर हातातल्या कर्ण्यावरून, ओरडून काम केलं. मागचं एक दार तिथल्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या निर्णयाने उघडलं, कारण परवानगी मागायला फोनच नव्हता. आठपैकी तीन दारं वापरली. ३७९ च्या ३७९ बाहेर.

आपल्या मुंबईकरांना आणखी एक नाव आठवेल. १९८६ साली कराचीला पॅन ॲमच्या विमानात अतिरेकी शिरले तेव्हा केबिन क्रूने कॉकपिटला इशारा दिला, वैमानिक वरच्या झरोक्यातून निघून गेले आणि विमान जमिनीवरच राहिलं. नीरजा भनोट तिथली वरिष्ठ पर्सर होती. तिचं धाडस आपण गातो ते योग्यच आहे. पण तो पहिला इशारा वेळेवर गेला, ही गोष्टही तेवढीच मोठी आहे.

आमच्याकडे? जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनआधीची चेकलिस्ट आहे. ज्यांचं कुटुंब मूळचं आपल्या महाराष्ट्रातलं, त्या डॉ. अतुल गवांदेंनी ती विमानवाल्यांकडून शिकून पुढे आणली. चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असं तीत आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचंही एक, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. २००९ साली हे छापून आलं. मी आजही अशी ऑपरेशन थिएटरं पाहतो जिथे हा कागद ऑपरेशन संपल्यावर एकाच पेनने भरला जातो, आणि सर्जनला समोरच्या मुलीचं नाव माहीत नसतं. ज्याचं नाव घेतलं नाही तो माणूस मध्येच 'सर, एक मिनिट' म्हणेल? मला नाही वाटत.

आणि तुम्ही, पेशंट आणि नातेवाईक, तुम्हीही खिडकीपाशी बसलेले आहात हे विसरू नका. रात्रभर बाकावर तुम्ही असता, मी नसतो. 'काल रात्रीपासून आईची लघवी झाली नाही', 'ही गोळी घेतली की बाबा अडखळतात', 'ॲलर्जी डावीकडच्या कागदावर लिहिलीय, नवीन फाइलीत नाही.' हे सांगताना 'डॉक्टर, तुम्हाला माहीत असेलच' अशी सुरुवात करू नका. मला माहीत नसतं. बऱ्याच वेळा अजिबात नसतं. आणि डॉक्टर खेकसला तर? खेकसू दे. मीही खेकसलोय. खेकसून झाल्यावर घरी जाताना गाडीत मी त्याच वाक्याचा विचार केलेला आहे.

त्या मुलीचा कान आता बरा आहे. फेरतपासणीला आली तेव्हा मी केगवर्थची गोष्ट तिला सांगितली. ट्रेनिंगमध्ये शिकवलीय, म्हणाली. "मग शिट्टीच्या वेळी?" ती थोडी हसली. "सर, वर्गात सगळे सांगतात की फोन करा. पण पहिल्यांदा फोन केला आणि कॅप्टन कसा बोलला, त्यावर दुसऱ्यांदा करायचा की नाही ते ठरतं."

माझ्या संध्याकाळच्या राउंडला आता मी 'ताप?' असं विचारत नाही. 'आज काय वेगळं दिसलं?' असं विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत तिथे उभा राहतो. पहिले काही महिने कुणीच काही बोलत नव्हतं.